सुपरचार्जर की टर्बो? तुलना कशी करायची, पायरी पायरीने

माझा आतेभाऊ आजऱ्याला राहतो. महिन्यातून दोनदा आंबोली घाट उतरून सावंतवाडीला जातो आणि तोच घाट भरल्या गाडीने चढून परत येतो. गेल्या दिवाळीत त्याचा प्रश्न आला, "दादा, ओळखीतल्या एकाची जुनी मर्सिडीज सी-क्लास मिळतीय. मागं 'कोम्प्रेसर' लिहिलंय, म्हणजे सुपरचार्जर ना? थोडे पैसे घातले तर नवी टर्बो पेट्रोल पण बसतीय. ह्यातलं भारी काय?"

एका वाक्यात सांगण्यासारखं ते नव्हतं. गाडी कुठे चालणार, किती वजन घेऊन आणि कोणत्या आरपीएमला, म्हणजे मिनिटाला इंजिनाच्या किती फेऱ्यांवर, यावर 'भारी' ठरतं. फराळ झाल्यावर आम्ही वही घेऊन बसलो. त्या वहीत जे उतरलं तेच इथे जरा नीट मांडतो आहे. नवी गाडी घेणाऱ्याला, जुनी घेणाऱ्याला आणि दारात टर्बोवाली गाडी असलेल्यालाही ते उपयोगी पडेल.

पहिली पायरी: इंजिन किती हवा ओढतं ते काढा

वजनाने मोजलं तर १ किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल जास्त सोडणं सोपं असतं, इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवला की झालं. अडतं ते हवेपाशी. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपले सगळे सिलिंडर भरून घेतं. म्हणजे १,२०० सीसीचं इंजिन ३,००० आरपीएमला मिनिटाला १,८०० लिटर हवा ओढणार. तेही कागदावर. एअर फिल्टर, थ्रॉटल, व्हॉल्व्हच्या अरुंद वाटा यांतून येताना हवा अडते आणि साध्या इंजिनाचा सिलिंडर बहुतेक वेळा पुरता भरत नाही.

जास्त ताकद हवी तर इंजिन मोठं करा, जास्त वेगाने फिरवा, नाहीतर हवा दाबून आत घाला. हवा दाबणारा कॉम्प्रेसर सुपरचार्जरमध्येही असतो आणि टर्बोमध्येही. फरक असतो तो फिरवणाऱ्यात. सुपरचार्जर क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवरून पट्ट्याने फिरतो, एसीचा कॉम्प्रेसर किंवा अल्टरनेटर फिरतो तसाच. टर्बोत सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एका चक्रावर आदळतो आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेलं चक्र हवा दाबतं.

कल्पना दोन्ही जुन्या आहेत. गॉटलीब डाइमलरने इंजिनात हवा दाबून भरण्याचं पेटंट १८८५ मध्ये घेतलं, टर्बोचं मूळ पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युची याचं, १९०५ सालचं. सुपरचार्जर बसवलेल्या मर्सिडीज १९२१ मध्ये लोकांसमोर आल्या. टर्बो लावलेल्या पहिल्या प्रवासी गाड्या त्यानंतर चाळीस वर्षांनी, १९६२ मध्ये अमेरिकेत निघाल्या: ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्वेर माँझा स्पायडर. इतका उशीर का लागला, ते पुढे उष्णतेचे आकडे पाहिले की कळतं.

दुसरी पायरी: हवा दाबायला किती ताकद जाते ते मोजा

तेच १,२०० सीसीचं इंजिन ५,५०० आरपीएमला फिरतंय आणि बूस्ट, म्हणजे वरून दिलेला जादा दाब, ०.७ बार आहे असं धरा. म्हणजे बाहेरच्या हवेच्या १.७ पट दाब. इतकी हवा दाबायला चांगल्या कॉम्प्रेसरला साधारण ९ अश्वशक्ती लागते. कॉम्प्रेसर कमी कार्यक्षम असेल तर ११ च्या आसपास.

सुपरचार्जरमध्ये ही ताकद थेट क्रँकशाफ्टवरून वजा होते. चाकांकडे जाणाऱ्या ताकदीतूनच तो आपला वाटा उचलतो आणि त्यापेक्षा कितीतरी जास्त परत देतो. व्यवहार फायद्याचाच असतो, पण वाटा पेट्रोलच्या रूपाने मोजावा लागतो. मोठ्या इंजिनात आकडा डोळ्यांत भरतो. डॉजच्या ६.२ लिटर हेलकॅट इंजिनाची ताकद ७०७ अश्वशक्ती, आणि पूर्ण जोरात त्याचा सुपरचार्जर फिरवायलाच सुमारे ८० अश्वशक्ती लागते. शांतपणे गाडी चालवताना बायपास व्हॉल्व्ह उघडून हवा आतल्या आत फिरवली जाते, त्यामुळे भार पुष्कळ कमी होतो, शून्य मात्र होत नाही.

पेट्रोल इंजिनात इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग धुराबरोबर बाहेर जातो. टर्बो त्यातून आपला खर्च भागवतो. 'टर्बोची ताकद फुकटची' असं सर्रास म्हणतात, ते मला पटत नाही. धुराच्या वाटेत चक्र आडवं आलं की मागे दाब साचतो आणि पिस्टनला धूर बाहेर ढकलायला जास्त जोर लावावा लागतो. तरी हा खर्च पट्ट्याच्या खर्चापेक्षा कमी पडतो. प्रदूषणाचे आणि मायलेजचे नियम कडक झाल्यावर कंपन्या टर्बोकडे वळल्या त्या याच कारणाने. आज आपल्याकडच्या शोरूममध्ये सुपरचार्जरवाली सर्वसाधारण गाडी दिसत नाही.

तिसरी पायरी: दाबलेली हवा किती तापते ते बघा

सायकलचा पंप जोरात मारला की त्याचं खालचं टोक बोटांना चटका देतं. दाबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा विरळ होते.

बाहेर ३० अंश सेल्सिअस आहे. ७० टक्के कार्यक्षमतेच्या टर्बोने ती हवा १.७ पट दाबली की तिचं तापमान १०० अंशांवर जातं. दाब १.७ पट झाला, पण सिलिंडरमध्ये जाणारी हवा वजनाने १.३८ पटच वाढली. आता मध्ये इंटरकूलर लावून तीच हवा ५० अंशांपर्यंत थंड करा. वाढ जवळजवळ १.६ पट होते. म्हणून बंपरच्या जाळीमागे बसलेला तो रेडिएटरसारखा डबा मला टर्बोइतकाच महत्त्वाचा वाटतो. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी सुरुवातच ४५ अंशांपासून होते. तेव्हा टर्बोतून निघणारी हवा १२० च्या घरात जाते. अशा वेळी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून बसणारे ठोके) टाळण्यासाठी ठिणगी उशिरा देतो आणि गाडी सुस्त वाटते. गाडीत बिघाड नसतो.

सुपरचार्जरमध्ये प्रकार पाहून बोलावं लागतं. सगळ्यांत प्रसिद्ध तो रूट्स. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी १८६० मध्ये या हवेच्या पंपाचं पेटंट घेतलं, मोटारीचा जन्म व्हायच्याही आधी. एकमेकांत गुंतून फिरणारे दोन रोटर हवेची ओंजळ भरून भिंतीच्या कडेने पलीकडे नेऊन टाकतात. आत हवा दाबली जात नाही. पलीकडे आधीच कोंडलेल्या हवेवर ती जाऊन पडते तेव्हा दाबली जाते, आणि या धक्काबुक्कीत जास्त तापते. कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर आपल्या उदाहरणात १२० अंश, आणि इंटरकूलरशिवाय हवेची वाढ १.३ पट. स्वीडनच्या आल्फ लिसहोल्मने १९३० च्या दशकात विकसित केलेल्या जोड-स्क्रू कॉम्प्रेसरमध्ये हवा आतल्या आत दाबली जाते, म्हणून तो थंड आणि काटकसरी असतो. तिसरा प्रकार सेंट्रिफ्युगल. दिसायला टर्बोचाच अर्धा भाग, पण पट्ट्यावर चालणारा. त्याचा दाब आरपीएमच्या साधारण वर्गाने वाढतो, त्यामुळे खालच्या वेगाला तो जवळपास झोपलेला असतो. 'सुपरचार्जर म्हणजे खालपासून ताकद' हे वाक्य त्याला लागू पडत नाही.

चौथी पायरी: एकाच इंजिनाची दोन रूपं शेजारी ठेवा

दोन वेगळ्या गाड्यांची तुलना केली की वजन, गियरबॉक्स, टायर सगळं मध्ये येतं. त्यापेक्षा एकच इंजिन दोन पद्धतींनी चालवलेलं सापडलं तर सोन्याहून पिवळं. आतेभावाला मिळत असलेली गाडी नेमकी तशीच निघाली.

मर्सिडीजचं एम २७१ हे १,८०० सीसीच्या आतबाहेरचं चार सिलिंडरचं इंजिन. सी २०० कोम्प्रेसरमध्ये त्याला सुपरचार्जर होता: १८४ पीएस (अश्वशक्तीचंच मेट्रिक माप), आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) २,८०० ते ५,००० आरपीएमच्या दरम्यान. पुढे त्याच इंजिनाला टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन देऊन सी २०० सीजीआय आली. ताकद तितकीच, १८४ पीएस. टॉर्क मात्र २७० न्यूटन-मीटर, आणि तो १,८०० पासूनच ४,६०० पर्यंत.

आतेभाऊ चक्रावला. "उलटं झालं की हे! सुपरचार्जर खालनं ओढतो म्हणतात ना?"

कारण असं. कोम्प्रेसरमधला सुपरचार्जर रूट्स जातीचा. त्याच्या रोटरमध्ये किंचित फट ठेवावीच लागते, आणि हळू फिरताना त्या फटीतून हवा मागे झिरपते. शिवाय त्याचा वेग पुलीने क्रँकला बांधलेला असतो. वरच्या आरपीएमला मर्यादेत राहील असं गुणोत्तर ठेवलं की खाली दाब कमी पडतो. टर्बोला असं बंधन नाही. छोटा टर्बो निवडला तर कमी धुरातही तो भरपूर फिरतो, आणि वर जास्त होऊ लागलं की वेस्टगेट उघडून धूर बाजूने सोडून देतो. डायरेक्ट इंजेक्शनमुळे आणखी एक सोय होते. हवा घेणारे आणि धूर सोडणारे असे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे ठेवून सिलिंडर ताज्या हवेने धुऊन काढता येतो आणि पेट्रोल वाया जात नाही.

पण पत्रकातला टॉर्क एकेका आरपीएमवर इंजिन स्थिर धरून, टर्बोला पूर्ण फिरू देऊन मोजलेला असतो. रस्त्यावर तुम्ही पाय दाबल्यापासून टर्बो वेगात येईपर्यंत जो वेळ जातो, तो त्या आकड्यात कुठेच नसतो. सुपरचार्जरचं सगळं वैभव तिथे आहे. पाय हलला की पट्टा हलतो आणि हवा पोहोचते. १,८०० आरपीएमला सीजीआयचा टॉर्क जास्त, आणि तरीही पायाखालचं पहिलं उत्तर कोम्प्रेसरचं जास्त तडफदार, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

टर्बो-टर्बोतही फरक पडतो, आणि त्याचं उदाहरण आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं फिरतंय. फियाटचं १,२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल मारुतीच्या स्विफ्टमध्ये साध्या टर्बोसह ७५ पीएस आणि २,००० आरपीएमला १९० न्यूटन-मीटर देत होतं. तेच इंजिन अर्टिगामध्ये ९० पीएस आणि १,७५० ला २०० न्यूटन-मीटर. अर्टिगात व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो होता, म्हणजे चक्राभोवतीची पाती कमी-जास्त वळवून थोड्या धुरालाही जोर आणता येतो. स्विफ्ट डिझेल घाटात चालवलेल्या कुणालाही विचारा, २,००० च्या खाली काटा आला की गाडी बसते आणि वर गेला की पाठीत लाथ बसते.

पाचवी पायरी: पत्रकात कोणता आकडा वाचायचा

पीएसचा आकडा ठळक छापतात. तुम्ही टॉर्कचा आकडा आणि त्याच्या पुढची आरपीएमची हद्द वाचा. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन टायगुनचं १.० टीएसआय टर्बो इंजिन १७८ न्यूटन-मीटर देतं, १,७५० ते ४,५०० पर्यंत. मारुती ब्रेझाचं १.५ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन सुमारे १३७ न्यूटन-मीटर देतं, ४,४०० आरपीएमला. घाटात भरल्या गाडीला २,००० च्या आसपास ओढायचं असतं, तिथे या दोघांत मोठं अंतर आहे.

पण १,७५० च्या खाली काय? तिथे टायगुनचं इंजिन बव्हंशी १ लिटरचंच असतं आणि ब्रेझाचं दीड लिटरचं. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज दीड तास पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये सरकणाऱ्या माणसाला हा खालचा भाग जास्त वाट्याला येतो. अशा माणसाने मॅन्युअल टर्बो पेट्रोल घेताना दोनदा विचार करावा, असं माझं मत आहे. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर ती खाच बरीच झाकतो.

सहावी पायरी: टेस्ट ड्राइव्हमध्ये स्वतः मोजा

शोरूमची माणसं सपाट, मोकळ्या रस्त्यावर नेतात. तुम्ही चढ मागा, निदान उड्डाणपुलाचा तरी. गाडीत चार माणसं बसवा, एसी चालू ठेवा. मागे बसलेल्या एकाला मोबाइलवर आरपीएमच्या काट्याचा व्हिडिओ घ्यायला सांगा.

रस्ता मोकळा बघून तिसऱ्या गियरमध्ये १,५०० आरपीएमवर गाडी स्थिर करा आणि पाय पूर्ण दाबा. नंतर व्हिडिओ बघताना पाय दाबल्याचा क्षण आणि काटा जोरात वर धावू लागल्याचा क्षण यांतला वेळ मोजा. मग दुसरी, जास्त बोलकी चाचणी: २,५०० ला ओढत असताना पाय पूर्ण उचला, दोन सेकंद थांबा, पुन्हा दाबा. आंबोली किंवा वरंध्यासारख्या घाटात प्रत्येक वळणावर हेच घडतं. वळणाआधी पाय सुटतो, टर्बो मंदावतो, आणि वळण संपताना ताकद लगेच हवी असते. सुपरचार्जरवाल्या गाडीत इथे काटा पायाबरोबरच उठतो. चांगल्या नव्या टर्बोत किंचित दम घेतल्यासारखं होतं. जुन्या किंवा मोठ्या टर्बोत मात्र वळण संपून पुढचं सुरू होईपर्यंत वाट पाहावी लागते. तिसरी चाचणी चढावर रिव्हर्सची. घराचा उतार तीव्र असेल तर ती चुकवू नका, कारण तिथे बूस्ट यायला सवडच नसते.

सातवी पायरी: उंचीचा विचार

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब जवळजवळ १५ टक्क्यांनी कमी असतो आणि साध्या इंजिनाची ताकद त्याच हिशोबाने घटते. लेहच्या ३,५०० मीटरवर तूट ३५ टक्क्यांवर जाते. सुपरचार्जर असलेलं इंजिन वर गेल्यावरही जास्त ताकदवान राहतं, पण त्याच्या वेगाचं गुणोत्तर ठरलेलं असल्याने तूट त्यालाही बसते. टर्बोला विरळ हवेत आणखी वेगाने फिरायची मुभा असते, त्यामुळे मर्यादेपर्यंत तो तूट भरून काढतो.

हे पहिल्यांदा ठसठशीतपणे दिसलं १९१८ मध्ये. जनरल इलेक्ट्रिकचे अभियंते सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी हे विमानाचं इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या ४,३०० मीटर उंच डोंगरावर ट्रकवरून नेलं. खाली ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर सुमारे २३० वर आलं होतं. टर्बो जोडल्यावर ते पुन्हा ३५० च्या वर गेलं. लडाखची स्वप्नं बघणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा.

दोन्ही एकत्र बसवण्याचाही प्रयत्न झाला आहे. फोक्सवॅगनने २००५ मध्ये गोल्फ जीटीच्या १,३९० सीसी इंजिनात खाली सुपरचार्जर आणि वर टर्बो अशी जोडी घातली आणि १७० पीएस काढले. ३,५०० आरपीएमच्या वर सुपरचार्जर चुंबकी क्लचने सुटा होई. गुंतागुंत आणि खर्च दोन्ही वाढतात. आता ते काम विजेवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर करू लागला आहे. ऑडीने २०१६ च्या एसक्यू७ मध्ये ४८ व्होल्टवर तो आणला.

आठवी पायरी: जुनी गाडी घेताना काय तपासायचं

टर्बोच्या बाबतीत इंजिन थंड असताना कॉम्प्रेसरकडे जाणारा रबरी होज काढायला लावा आणि चक्राचं नट दोन बोटांत धरून हलवा. बाजूला किंचित हललं तर घाबरू नका, दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो आणि तेवढी जागा ठेवलेलीच असते. आत-बाहेर हलता कामा नये. चक्राची पाती कडेच्या भिंतीला घासल्याच्या खुणा दिसल्या तर सौदा तिथेच थांबवा. इंटरकूलरच्या होजमध्ये तेलाचा ओलसर थर चालतो, तेल साचलेलं चालत नाही. गाडी पाच मिनिटं आयडलवर, म्हणजे पाय न देता नुसती चालू, ठेवून एकदम रेस द्या. मागे निळसर धूर आला तर टर्बोचं सील किंवा इंजिनच तेल खातंय.

सुपरचार्जरमध्ये पट्ट्याच्या भेगा, पुलीच्या बेअरिंगची घरघर आणि आयडलवर येणारा खुळखुळ आवाज ऐका. रेस दिल्यावर येणारी बारीक, चढत जाणारी किणकिण हा त्याचा नेहमीचा आवाज आहे. त्याच्या गियरना स्वतःचं वेगळं तेल असतं, ते कुठे पाझरतंय का ते बघा. सुटे भाग किती दिवसांत आणि कितीला मिळतात ते सौद्याच्या आधी विचारा.

आणि टर्बो गेला असं कुणी सांगितलं तर लगेच मानू नका. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात खंबाटकी घाट चढताना माझ्या जुन्या डिझेल गाडीने अचानक जीव टाकला. पाय दाबला की फुस्स आवाज आणि मागे काळा धूर. एका गॅरेजने न उघडताच नवा टर्बो टाकावा लागेल म्हणून मोठी रक्कम सांगितली. मी गाडी तशीच हळूहळू वाईच्या एका म्हाताऱ्या फिटरकडे नेली. त्यांनी मला आत बसून रेस धरायला सांगितलं आणि स्वतः पंख्यापासून हात लांब ठेवत इंटरकूलरच्या होजवरून तळहात फिरवत गेले. एका जागी थांबले. "हितं वारं लागतंय." होजच्या खालच्या बाजूला बोटभर लांबीची चीर होती. इंजिन बंद असताना ती मिटलेली असायची, दाब आला की उघडायची. नवा होज, दोन क्लॅम्प, अर्धा तास. बीएस ६ डिझेलमध्ये धुराला फिल्टर असल्याने काळा धूर दिसणार नाही, दिवा लागेल आणि ताकद आखडेल. पण शोध होजपासूनच सुरू करा.

नववी पायरी: सांभाळायचं कसं

टर्बोचा दांडा मिनिटाला एक ते दोन लाख फेऱ्या मारतो. चक्राचा व्यास ४० मिलिमीटर असेल तर दोन लाखांवर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला ४०० मीटरच्या वर, आवाजाच्या वेगापेक्षा जास्त. पेट्रोल इंजिनात एका बाजूला ९०० अंशांहून गरम धूर, आणि काही सेंटिमीटरवर तेलाच्या थरात फिरणारं बेअरिंग. चाळीस वर्षांचा उशीर कशामुळे झाला ते इथे दिसतं. अशा धातूंची आणि तेलांची वाट बघावी लागली.

त्यामुळे तेल हाच या यंत्राचा प्राण. पुस्तिकेत लिहिलेला ग्रेड आणि मुदत पाळा, बहुतेक गाडी गर्दीत चालत असेल तर मुदतीआधी बदला. सकाळी गाडी चालू केल्यावर पहिली काही मिनिटं हळू चालवा. घाट चढून किंवा एक्स्प्रेसवेवरून जोरात आल्यावर लगेच किल्ली फिरवू नका, एखादं मिनिट आयडलवर राहू द्या. तेल थांबलं की तापलेल्या बेअरिंगमध्ये उरलेलं तेल जळून कोळसा होतं. नव्या गाड्यांत टर्बोला पाण्याचं कूलिंग असतं, तरीही ही सवय ठेवलेली बरी. मॅन्युअल गाडीत १,२०० आरपीएमला वरच्या गियरमध्ये पाय पूर्ण दाबणं टाळा, एक गियर खाली घ्या. एअर फिल्टर स्वच्छ ठेवा. त्यातून निसटलेला वाळूचा कण त्या वेगाने फिरणाऱ्या पात्यावर गोळीसारखा बसतो.

मायलेजची एक गोष्ट. टर्बो पेट्रोल पायाने चालते. बूस्टमध्ये न जाता चालवली तर छोट्या इंजिनाचं मायलेज देते. सतत बूस्टमध्ये ठेवली तर मोठ्या इंजिनापेक्षाही जास्त पिते.

बाहेरून बसवायचा विचार असेल तर

साध्या गाडीला बाजारातला किट लावून द्या, असं विचारणारे भेटतात. तांत्रिकदृष्ट्या सुपरचार्जर लावणं त्यातल्या त्यात सोपं, कारण धुराच्या वाटेला हात लावावा लागत नाही. पण पिस्टन, कॉम्प्रेशन, इंजेक्टर, क्लच, रेडिएटर सगळं जुन्या ताकदीसाठी बनलेलं असतं. जास्त कॉम्प्रेशनच्या साध्या इंजिनात हवा दाबली की नॉकिंगने पिस्टन फुटू शकतो.

शिवाय कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण मिळतं. रस्त्यावरच्या गाडीला हे करू नका. ताकद हवी असेल तर कारखान्यातूनच टर्बो लावून आलेली गाडी घ्या.

आतेभावाने दोन्ही गाड्या आंबोलीच्या चढावर नेल्या, व्हिडिओसकट. कोम्प्रेसर वळणांवर खरोखर सुरेख उठत होती आणि ते त्याने दिलखुलास कबूल केलं. पण तिच्या पट्ट्याच्या बाजूने आयडलवर खुळखुळ येत होती आणि सुटे भाग कोल्हापुरात हाताशी नव्हते. त्याने टर्बो पेट्रोल घेतली, मॅन्युअल. पहिल्या आठवड्यात तक्रार आली की वळणावर गाडी बसते. तिसऱ्याऐवजी दुसऱ्या गियरमध्ये वळण घे, काटा २,००० च्या खाली जाऊ देऊ नकोस, एवढंच सांगितलं. पुढच्या खेपेला सावंतवाडीहून येताना घाट चढून वर आंबोलीत चहाला थांबला, तिथूनच फोन केला.

"दादा, आज कुठंच बसली नाही. आणि बंद करायच्या आधी मिनिटभर थांबलोय बघ, अजून चालूच हाय."